कृष्णाकाठचा व्यवहार

संस्कृत भाषेत काही शब्द असे आहेत की, त्यांच्या एका अर्थाचे बोट धरावे तो दुसरा अर्थ मागून येऊन उभा राहतो. ‘व्यवहार’ हा त्यांपैकीच एक होय. आपल्या घरांतून हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. वाण्याची उधारी, लग्नकार्यातील देणेघेणे, भावाभावांतील येणेजाणे ह्या सर्वांस आपण व्यवहारच म्हणतो. परंतु स्मृतिकारांनी हाच शब्द न्यायसभेतील वादासाठी योजिला आहे. मनुस्मृतीत व्यवहाराची अठरा पदे सांगितली असून ऋणादान, निक्षेप, सीमाविवाद, दायविभाग ही त्यांतील काही होत. याज्ञवल्क्यस्मृतीचा दुसरा अध्याय तर व्यवहाराध्याय म्हणूनच प्रसिद्ध आहे. फिर्याद, तिचे उत्तर, पुरावा आणि निर्णय हे त्या व्यवहाराचे चार पाय मानिले आहेत. म्हणजे कायदा हा कचेरीत राहतो आणि व्यवहार घरात राहतो, अशी वाटणी निदान भाषेने तरी केलेली नाही. ती वाटणी खरी की खोटी, हे पाहावयाचे तर पोथ्यांपेक्षा गावे पाहावीत, असे आमच्या मनात पुष्कळ दिवसांपासून होते.

गेल्या मार्गशीर्षात तसा योग आला. आमचे एक जुने विद्यार्थी सातारा येथे वकिली करतात. त्यांस सांगलीकडे एका घरगुती कागदाच्या कामासाठी जावयाचे होते. ‘गुरुजी, आपण सोबत चला. सरळ हमरस्त्याने न जाता वाट वाकडी करू, आणि माझ्या धंद्याची क्षेत्रे आपणांस दाखवितो,’ असे ते म्हणाले. वकिलांच्या धंद्याला क्षेत्रे असतात हे ऐकून आम्हांस मौज वाटली आणि आम्ही लागलीच रुकार दिला. ह्या गृहस्थांस वर्गात आम्ही शब्दरूपे घोकविली होती. दोन दिवसांच्या ह्या यात्रेत शब्दांचे अर्थ त्यांनी आम्हांस समजावून दिले.

पहिले क्षेत्र अर्थातच माहुली. साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे ५ किलोमीटरांवर वेण्णा नदी कृष्णेस मिळते. त्या संगमाच्या एका काठास संगम माहुली व दुसऱ्या काठास क्षेत्र माहुली म्हणतात. काळ्या दगडांचे घाट, विश्वेश्वराचे भव्य देवालय, आणि पात्राकडे उतरताना छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीचे स्थान, असे ते स्थळ मोठे गंभीर आहे. सकाळच्या वेळी घाटावर चारदोन माणसे स्नानास आलेली असतात आणि एखादा कावळा पिंडाची वाट पाहत बसलेला असतो. रामशास्त्री प्रभुणे ह्यांचा जन्म ह्याच माहुलीचा. लहानपणी विद्येची गोडी न लागलेला हा मुलगा विशीच्या सुमारास काशीस गेला, तेथे धर्मशास्त्रात पारंगत झाला, आणि १७५९ पासून पेशव्यांच्या दरबारी मुख्य न्यायाधीश झाला, ही हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबुवांनी चौकशी केली. आणि रघुनाथरावांस तोंडावर सांगितले की, ह्या पातकास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही. त्यानंतर त्यांनी पुणे सोडले.

वकीलसाहेब घाटाच्या पायरीवर बसून म्हणाले, ‘आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर शास्त्रीबुवांचा हुकूमनामा झाला, पण त्याची दरखास्त काही निकाली निघाली नाही.’ हुकूमनामा मिळाल्यावर तो अमलात आणण्यासाठी पुनः जो अर्ज करावा लागतो त्यास न्यायालयात दरखास्त म्हणतात. आणि पुष्कळ पक्षकारांचे केस हुकूमनाम्याने नव्हे, तर ह्या दरखास्तीने पांढरे होतात, असे ते म्हणाले. विचार करता ही गोष्ट खरी आहे. रघुनाथरावांस देहान्त घडला नाही. ते इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, आणि पुढे १७८३ मध्ये ते कोपरगाव येथे वारले. मग त्या निर्णयाचा उपयोग काय झाला? ‘उपयोग एवढाच,’ आमचे सोबती म्हणाले, ‘की अडीचशे वर्षे झाली, तरी रघुनाथराव निर्दोष सुटले असे कोणीही म्हणत नाही. शिक्षा देणे राजाच्या हाती असते. दोष कोणाचा ते सांगणे न्यायाधीशाच्या हाती. ते जर त्याने सांगितले नाही, तर पुढच्या माणसाला शोधायला पुरावाच उरत नाही.’ सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत शास्त्रीबुवा पुनः न्यायासनावर आले आणि १७८९ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

माहुलीहून साताऱ्यात परत येऊन आम्ही गेंडामाळाकडे वळलो. ‘वकील’ हा शब्द अरबी असून, ज्याच्यावर दुसऱ्याने आपला भार टाकला तो वकील, असा त्याचा मूळ भाव आहे. मराठेशाहीत परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा तो वकील. ह्या अर्थाने साताऱ्याने एक मोठा वकील निर्माण केला. त्यांचे नाव रंगो बापूजी गुप्ते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, कटाचा आरोप ठेवून त्याच इंग्रजांनी महाराजांस पदच्युत केले व काशीस पाठविले. महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी विलायतेस गेले आणि १८४० च्या सुमारापासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये कंपनी सरकारच्या दारी न्याय मागत राहिले. अशील १८४७ मध्ये काशीत वारले. १८४८ मध्ये राज्यही खालसा झाले. तरी ह्या वकिलाने वकालतनामा सोडला नाही. शेवटी रिक्त हस्ताने ते परत आले. पुढे १८५७ मध्ये साताऱ्यास उठावाचा बेत झाला, तो फुटला, रंगो बापूजी नाहीसे झाले ते कोणास सापडले नाहीत, आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी ह्या गेंडामाळावर १७ जणांस देहान्त शिक्षा देण्यात आली. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता.

तेरा वर्षे अर्ज करणाऱ्या माणसाने अखेर शस्त्राचा मार्ग का पत्करला असावा, ह्याचे उत्तर त्या माळावर उभे राहिले म्हणजे निराळे शोधावे लागत नाही. ‘कचेरीचे दार बंद झाले की माणूस घरी जातो, अशी सरकारची समजूत असते. माणूस घरी जात नाही,’ एवढेच वकीलसाहेब बोलले. राजकारण आणि कायदा ह्यांचे नाते ह्याहून थोडक्या शब्दांत सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही.

तेथून आम्ही राजवाड्यापाशी आलो. येथील जुन्या वाड्यात भरणारी सरकारी शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल ह्या नावाने प्रसिद्धीस आली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ह्या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक नऊ वर्षांचा मुलगा दाखल झाला. दाखल्यात नाव होते भिवा. तेच पुढे डॉक्टर भीमराव आंबेडकर होत. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. १९०४ पर्यंत ते साताऱ्यास होते. आम्ही जन्मभर शाळेत घालविल्यामुळे दाखल्याच्या वहीचे आम्हांस विशेष महत्त्व वाटते. एका ओळीत एक मुलगा येतो, आणि ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनास पुढचे काहीच ठाऊक नसते!

साताऱ्याहून आम्ही रहिमतपूरच्या वाटेस लागलो. वाटेत लोहमार्ग आडवा येतो. ह्याच लोहमार्गावर दक्षिणेस मसूर नावाचे स्थानक आहे. १९०१ च्या उन्हाळ्यात आंबेडकर, त्यांचे वडील बंधू व बहिणीची मुले अशी पोरे नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. वडील नोकरीनिमित्त दूर होते आणि मुलांना सुटीत तिकडे जावयाचे होते. निरोप वेळेवर न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नाही. मुलांची जात कळताच स्थानकातील अधिकाऱ्याची वृत्ती बदलली. बैलगाडीवाले कोणी तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाडे घेऊन कबूल झाला, तोही ह्या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालत यावे. बरोबर फराळाचे होते, पण पाणी मिळेना. आणि पाणी नाही म्हणून अन्न असूनही ती मुले रात्रभर उपाशी राहिली. ही हकीकत डॉक्टरसाहेबांनी स्वतःच आपल्या आत्मकथनपर टिपणांत नमूद करून ठेविली आहे.

रामशास्त्र्यांची कथा आपल्या प्रत्येक घरी मुलांना सांगतात. तिच्या शेजारी ही मसूरच्या गाडीची कथाही सांगितली गेली पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे; कारण दोन्ही एकाच जिल्ह्यातील आणि एकाच विषयावरील आहेत. मुलांस पाणी देऊ नये असा काही इंग्रज सरकारचा कायदा नव्हता. तसा हुकूम कोणी काढला नव्हता. म्हणून त्याविरुद्ध दाद मागण्याचेही ठिकाण नव्हते. तो होता नुसता व्यवहार, आणि तो चालविणारी माणसे आपापल्या घरी सज्जन म्हणूनच नांदत असतील. हा मुलगा पुढे बॅरिस्टर झाला आणि स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. वकीलसाहेबांनी येथे आमचे लक्ष एका बारकाव्याकडे वेधले. संविधानातील मूलभूत हक्क बहुतेक सरकारविरुद्ध असतात. सरकारने अमुक करू नये असे त्यांचे स्वरूप असते. परंतु अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम केवळ सरकारास बांधीत नाही. ते गाडीवानास, विहिरीच्या मालकास, घरमालकास, तुम्हांआम्हांस बांधते. ‘ज्याला मसूरला सरकारने नव्हे तर माणसांनी अडविले, त्याच्या समितीने केलेल्या मसुद्यात असे कलम असावे हे मला नवल वाटत नाही,’ ते म्हणाले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आणि त्या वादाचा उच्च न्यायालयातील निकाल १९३७ चा. म्हणजे सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क शाबीत होण्यास दहा वर्षे लागली. एवढ्यावरून दरखास्तीचा अर्थ वाचकांच्या ध्यानात येईल.

दुपारी आम्ही औंधास पोहोचलो. डोंगरावर यमाईचे देवस्थान, त्याच्या वाटेवर राजेसाहेबांचे प्रसिद्ध चित्रसंग्रहालय, आणि खाली निवांत गाव. हे संस्थान लहान, ७२ गावांचे, आणि तीही सलग नव्हेत; आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ च्या जानेवारीत आपले अधिकार आपण होऊन प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक एंजिनियर ह्यांनी ह्या कामी पुढाकार घेतला होता आणि महात्मा गांधींचे मार्गदर्शन त्यास लाभले होते. ग्रामपंचायत हा ह्या घटनेचा पाया. गावातील तंटा गावातच मिटावा हा तिचा हेतू. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि तो प्रयोग तेथेच थांबला.

ह्यावर आमच्या सोबत्यांचे मत ऐकण्यासारखे होते. आम्ही थट्टेने म्हटले, ‘अरे, तंटे गावात मिटले तर तुझ्या चुलीचे काय?’ ते हसून म्हणाले, ‘गुरुजी, बांधाचा तंटा गावातच मिटावा, कारण बांध कोठे होता हे गावाला ठाऊक असते आणि तेथे खोटी साक्ष देणे जड जाते. पण ज्याला गावच वाळीत टाकते, त्याने कोठे जावे? त्याला तालुक्याची कचेरीच हवी. तेथला न्यायाधीश परका असतो हेच त्याचे बळ.’ ह्याच कारणाने महाराष्ट्रात २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, हे त्यांनी जोडून सांगितले. पंचांत परमेश्वर असतो ही आपली म्हण खरी. परंतु पंचांत कोण बसतो आणि कोणास बसू देत नाहीत, ह्यावर तो परमेश्वर अवलंबून असतो.

मायणीवरून आटपाडीस गेलो. जवळच स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानने १९३९ मध्ये स्थापिलेला हा बिनभिंतींचा तुरुंग होय. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारे, परंतु वर्तन चांगले असलेले कैदी येथे शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. ह्यावरूनच व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढिला आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. माडगूळकर हे ह्याच आटपाडी भागातील माडगुळ्याचे. माणदेशाचा हा मुलूख रखरखीत. ज्या मातीत स्वतंत्र माणसाचे पोट भरणे कठीण, तेथे कैद्यांना शेती दिली आणि त्यांनी ती केली. पळून जाण्यास चारी दिशा मोकळ्या असताना माणूस का थांबतो, हा प्रश्न दंडनीतीच्या ग्रंथांत आम्हांस कोठे आढळला नव्हता. आपल्यावर कोणीतरी विश्वास टाकला आहे ही जाणीव भिंतीपेक्षा उंच असते, असेच म्हटले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी विट्यावरून कुंडलास उतरलो. आटपाडीपासूनच आम्ही सांगली जिल्ह्यात आलो होतो. परंतु ही सीमा अलीकडची आहे. जुना सातारा जिल्हा मोठा होता. १९४९ मध्ये त्याचा दक्षिण भाग आणि विलीन संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून साताऱ्याचे प्रतिसरकार म्हणून ज्याची कीर्ती आहे, त्याचे पुष्कळसे रणक्षेत्र आज सांगली जिल्ह्यात सापडते. क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ ह्या काळात ह्या गावांतून इंग्रज सरकारचा अंमल जवळजवळ उठला होता. कुंडलचे जी. डी. लाड आणि वाळव्याचे नागनाथ नायकवडी हे त्यांचे प्रमुख सहकारी. गाव औंध संस्थानात असल्याने इंग्रजी पोलिसांस तेथे सहजी हात घालता येत नसे, हाही ह्या चळवळीस एक उपकार झाला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची आगगाडी लुटण्यात आली, ती ह्याच मंडळींकडून.

परंतु आमच्या सोबत्यांचे लक्ष दुसरीकडे होते. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे स्थापिली होती. जमिनीचे वाद, सावकाराचे तगादे, टाकून दिलेल्या बायकांच्या तक्रारी, दरोडे, असे सर्व खटले तेथे चालत; थोडक्या खर्चात लग्ने लावण्याचा उपक्रमही ह्याच चळवळीचा. स्टँप नाही, फी नाही, तारीख नाही. गरिबास हा न्याय किती गोड वाटला असेल ह्याची कल्पना करता येते. उलट पक्षी, शिक्षाही कडक होत्या. तळपायांवर काठ्या मारण्याच्या शिक्षेवरून ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. ‘मला अभिमान वाटतो आणि थोडी भीतीही वाटते,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘आमच्या न्यायालयांचा उशीर लोकांना इतका छळतो की त्यांना असा झटपट न्याय आठवतो. पण चुकून निरपराध माणूस पुढे उभा केला, तर त्याच्या बाजूने बोलायला तेथे कोण होते? उशीर हा आमचा दोष आहे खराच. पण उलट बाजू ऐकून घेणे हा उशीर नव्हे.’ जवळच्याच देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण ह्या चळवळीच्या आरंभी भूमिगत होते. तेही कायद्याचे पदवीधर आणि कऱ्हाडास वकिली केलेले. पुढे १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. सरकार मोडणारा आणि सरकार चालविणारा एकच माणूस असू शकतो, आणि दोन्ही कामी त्यास कायदा ठाऊक असावा लागतो, हे येथे ध्यानात येते.

तिसऱ्या प्रहरी आम्ही सांगलीत प्रवेश केला. पटवर्धनांनी बांधलेले गणपतीचे मंदिर, हळदीच्या पेठेचा तो उग्र गोड वास, आणि कृष्णेवरील आयर्विन पूल ही ह्या शहराची मुख्य चिन्हे. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत येथील लोकांनी ह्याच पुलाकडे पाहत रात्री जागून काढिल्या. १८४३ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भावे ह्यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक येथेच केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. दर्शन घेऊन आम्ही हरिपुरास गेलो. चिंचेच्या झाडांच्या सावलीतून जाणारा रस्ता, संगमेश्वराचे देवालय, आणि समोर कृष्णा-वारणेचा संगम. हळद साठविण्याची जमिनीतील पेवे ह्या गावची प्रसिद्ध. माहुलीच्या संगमापासून निघालो आणि हरिपूरच्या संगमास आलो, असा आमचा प्रवास पुरा झाला.

येथे आम्हांस ओढून आणणारे नाव गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे. त्यांचा जन्म १८५५ चा, ह्याच हरिपूरचा. ‘संगीत शारदा’ नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. पंचाहत्तरीतला भुजंगनाथ, पैशांसाठी मुलगी देण्यास निघालेला कांचनभट, आणि मध्ये सापडलेली शारदा, ही मंडळी आपल्या आजी-पणजींनी पाहून डोळे पुसले आहेत. ते लग्न अखेर मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. वकीलसाहेब म्हणाले, ‘नाटककाराला शास्त्राचा आधार शोधावा लागला, कारण असे लग्न लावणे हा तेव्हा गुन्हाच नव्हता. गोत्र निराळे असते तर शारदेला वाचवायला साऱ्या मुंबई इलाख्यात एक कलम नव्हते.’ ते कलम पुढे तीस वर्षांनी आले. हरबिलास सारडा ह्यांच्या पुढाकाराने बालविवाहास आळा घालणारा कायदा १९२९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीचे वय १४ आणि मुलाचे १८ अशी त्यात मर्यादा होती. १९७८ मध्ये ती १८ आणि २१ झाली. आपल्याकडे त्यास शारदा कायदा म्हणण्याचा प्रघात पडला. सारडांचे आडनाव आणि देवलांची नायिका ह्यांची ही गाठ निव्वळ योगायोगाची. परंतु लोकांनी ती इतक्या सहज घातली, कारण कायदा होण्यापूर्वी तीस वर्षे खटला नाट्यगृहात चालला होता आणि निकाल प्रेक्षकांच्या मनात आधीच लागला होता.

संगमाकडे पाहत असता ते आणखी म्हणाले, ‘गुरुजी, ही नदीही पक्षकार आहे. १९६९ मध्ये तिच्या पाण्यासाठी लवाद बसला. १९७३ च्या निवाड्यात महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० टीएमसी पाणी मिळाले. २००४ मध्ये दुसरा लवाद बसला. तीन भावांनी आईच्या कुशीची मापे काढावीत तसे हे आहे.’ आम्ही म्हटले, ‘आणि बहीण?’ ते हसले, पण काही बोलले नाहीत. त्याचे कारण संध्याकाळी कळले.

ज्या घरी त्यांचे काम होते ते सांगलीनजीकच्या एका गावातील सुशिक्षित, सुखवस्तू घर. गावाचे व घराचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे घर प्रत्येक गावात आहे. वडील निवर्तून वर्ष झाले होते. दोघे भाऊ, दोघी बहिणी. शेती, वाडा, विहीर एकत्र. थोरल्या भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा करावयास वकीलसाहेबांस बोलाविले होते आणि श्राद्धाच्या निमित्ताने बहिणी आल्याच होत्या. पाटावर दोन नवी लुगडी व खण ठेविलेले आम्ही पाहिले. घरात कोणाच्या मनात कपट नव्हते. आईच्या माघारी माहेर राहावे, भावाने भाऊबीजेस बोलवावे, म्हणून बहिणींनी सही करावयाची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार.

वकीलसाहेबांनी चहा घेतला आणि थोरल्या भावास विचारले, ‘सर्वांसमक्ष बोलू का?’ तो म्हणाला, ‘बोला ना, घरचीच माणसे आहेत.’ तेव्हा ते बहिणींकडे वळून म्हणाले, ‘ताई, मी तुमच्या भावांचा वकील आहे, तुमचा नव्हे. हे आधी सांगतो. ह्या कागदाने तुम्ही काय सोडता, ते तुम्हांला दुसऱ्या कोणाकडून तरी समजून घेता आले पाहिजे.’ थोरल्या ताई म्हणाल्या, ‘माझे लग्न ९४ च्या आधीचे. मला काही नाहीच, असे ऐकले आहे.’ ते म्हणाले, ‘तसे तेव्हा होते. आता नाही.’

हे काय ते वाचकांनीही समजून घ्यावे. विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेप्रमाणे मुलास जन्मतःच वडिलार्जित मिळकतीत हक्क असे, मुलीस नसे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा करून मुलीस तो हक्क दिला, परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने सर्वच मुलींस जन्मतः समान हक्क मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित. स्थावरातील हक्क सोडण्याचा कागद दुय्यम निबंधकापुढे नोंदवावा लागतो, आणि एकदा नोंदविला की पश्चात्तापाने तो परत फिरत नाही.

खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. मग थोरल्या ताई हळूच म्हणाल्या, ‘दादा, मी सही करणार नाही असे नव्हे. पण वाचल्यावाचून करणार नाही. कागद घरी नेते.’ धाकटीने मान हलविली. थोरला भाऊ अस्वस्थ झाला. ‘वकीलसाहेब, तुम्हांला बोलाविले कशाला!’ असे शब्द त्याच्या तोंडून निघून गेले. परंतु रात्री जेवणे झाली ती एकाच पंक्तीस, आणि वाढताना वहिनींनी थोरल्या ताईंच्या पानात तूप दोनदा वाढले, हे आम्ही मुद्दाम पाहिले. त्या कागदाचे पुढे काय झाले ते त्या घराचे घर जाणे. वकीलसाहेबांस त्या कामाची फी मिळाली नाही, एवढे मात्र आम्हांस ठाऊक आहे.

परतीच्या वाटेवर आम्ही त्यांस विचारले, ‘घर मोडले असते तर?’ ते म्हणाले, ‘न वाचता झालेल्या सह्यांवर जे घर उभे राहते, ते पुढच्या पिढीत माझ्याकडेच येते. वाद बापलेकांचा असो, भावाभावांचा असो, कपाटातून पहिला निघतो तो असलाच एखादा कागद. मी फक्त तो आज वाचायला लावला.’

आमच्या वाचकांच्या घरीही संक्रांत, भाऊबीज, वर्षश्राद्ध ह्या निमित्तांनी लेकी येतात. असा काही कागद करावयाचा असेल तर तो त्या दिवशी पाटावर ठेवू नये. आठ दिवस आधी लेकीच्या घरी पाठवावा, सोबत सातबाराचा उतारा व मिळकतीची यादी द्यावी, आणि तिने ज्याचा सल्ला घ्यावयाचा त्याचा घ्यावा. मग तिने हक्क सोडला तर ते तिचे दान होईल. न सोडला तर तो तिचा दाय होय. दोहोंपैकी काहीही झाले तरी लुगडे मात्र द्यावेच. पण ते निराळ्या दिवशी.